कोल्हापूर : नवा राजवाडा आणि शाही दसरा एकाच फेरीत जमेल का, की नोव्हेंबरात यावं?

गोदाकाठ_नाशिक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. यंदाच्या, म्हणजे २०२६ च्या शरदात नाशिकहून कोल्हापूरला तीन दिवसांसाठी यायचं ठरतंय. आम्ही दोघं, दहावीतला मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. त्या सपाटीवर चालतात, पण गुडघ्यांमुळे एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहणं जमत नाही. नवा राजवाडा सावकाश बघायचा आहे, आणि त्याच फेरीत दसऱ्याचं सीमोल्लंघनही. पण काहीजण सांगतात की दसऱ्याची गर्दी वयस्कर माणसांना झेपणारी नाही, त्यापेक्षा नोव्हेंबरात किरणोत्सवाला, म्हणजे मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात त्या सोहळ्याला, या. दोन्ही वेळा येणं शक्य नाही. कोणत्या दिवशी कुठे असावं, किती वाजता पोचावं, काय टाळावं, हे स्थानिकांनी सांगितलं तर फार मदत होईल. राजवाड्यात नेमकं काय बघायचं हेही सांगा, कारण नुसत्या काचेच्या कपाटांसमोरून चालत गेल्यासारखं व्हायला नको.

---

करवीरकर

ताई, आधी तारखांचं बघू, कारण बहुतेकांचा बेत तिथेच फसतो.

२०२६ चा दसरा मंगळवारी, २० ऑक्टोबरला आहे. म्हणजे आदला दिवस सोमवार. नव्या राजवाड्यातलं संग्रहालय आणि टाऊन हॉलचं संग्रहालय, दोन्ही सोमवारी बंद धरूनच बेत आखा. खुद्द दसऱ्याच्या दिवशी राजवाडा बघायचं मनात आणू नका. त्या दिवशी तिथे घरचाच सण असतो, आणि दुपारनंतर दसरा चौकाच्या बाजूचे रस्ते बंद व्हायला लागतात. राहिला रविवार १८ किंवा बुधवार २१. रविवारी गर्दी असते. बुधवारी गावावर दसऱ्याचा शिणवटा असतो आणि राजवाडा निवांत मिळतो. त्यामुळे सोमवार ते बुधवार असे तीन दिवस घ्या आणि राजवाडा शेवटी ठेवा.

अष्टमीच्या रात्री अंबाबाईची नगरप्रदक्षिणा असते. देवी वाहनात बसून मंदिराबाहेर पडते, गुजरी आणि भवानी मंडपाच्या बाजूने फिरून परत येते, आणि वाटेवर दोन्ही कडांना रांगोळ्या असतात. यंदा अष्टमी १८ च्या सकाळी लागते आणि १९ च्या सकाळी संपते. त्यामुळे ही रात्र कुठली धरली आहे ते देवस्थान समितीच्या पत्रकातच बघा. घरच्या कॅलेंडरवर ‘दुर्गाष्टमी’ लिहिलेल्या तारखेवर विसंबून खोली घेतली तर एका दिवसाने चुकायची शक्यता आहे.

खोली मात्र आजच बघा. नवरात्रात मंदिराभोवतालच्या पेठांत ऐनवेळी काही मिळत नाही. सासूबाई बरोबर आहेत म्हटल्यावर महाद्वार रोडवर राहण्यापेक्षा ताराबाई पार्क किंवा स्टेशन रोडकडे राहा. मंदिराजवळ राहिलात तर नवरात्रात रिक्षा दारापर्यंत येत नाही, आणि सामान घेऊन चालावं लागतं.

---

दगडीचिरा

राजवाड्याबद्दल लिहितो.

कोल्हापुरात राजवाडे दोन. जुना राजवाडा म्हणजे मंदिराला लागून असलेला भवानी मंडप, आणि नवा म्हणजे कसबा बावड्याच्या वाटेवरचा. लोक नवा बघतात, फोटो काढतात आणि परत जातात. पण दसऱ्यात तुळजाभवानीची पालखी निघते ती जुन्या राजवाड्यातून, आणि महाराजांची गाडी निघते ती नव्यातून. दोन्ही जागा डोळ्यांखालून गेल्या नसतील तर संध्याकाळी चौकात जे घडतं त्याचा निम्मा अर्थ निसटतो. भवानी मंडपाला अर्धा तास पुरतो, तिथे तिकीट नाही, आणि बसायला कट्टे आहेत.

नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. टाऊन हॉल (१८७२ ते ७६) त्यांचाच, बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच. १८८१ मध्ये ते वारले, म्हणजे कोल्हापूरचा राजवाडा पुरा झालेला त्यांनी पाहिला नाही. म्हणून माझं मत असं की आधी टाऊन हॉल बघा आणि मग रिक्षाने राजवाड्यावर जा, पाच-सात मिनिटांचं अंतर आहे. टाऊन हॉलची उतरती टोकदार छपरं आणि निमुळत्या कमानी पाहिल्या की तो माणूस विलायतेतून काय घेऊन आला होता ते कळतं. राजवाड्यावर पोचलात की त्याच हातानं छत्र्या, घुमट, झरोके आणि देवळातले खांब कसे उचलले ते दिसतं. मधे फक्त काही वर्षांचं अंतर आहे.

टाऊन हॉलच्या संग्रहालयात एक छोटी वस्तू चुकवू नका. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती. ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन व्यापाराच्या काळात पंचगंगेच्या काठी आलेला. मूर्ती वीतभरसुद्धा नाही, त्यामुळे लोक तिच्यासमोरून सरळ पुढे जातात. दहावीच्या मुलाला आधीच सांगून ठेवा, तो शोधून काढेल.

राजवाड्याची मांडणी अष्टकोनी, दगड काळा घडीव, मधोमध घड्याळाचा मनोरा. तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय आहे आणि राजघराणं त्याच इमारतीत राहतं. त्यामुळे जिथे दोरी बांधलेली असेल तिथे तिचा मान ठेवा. आत फोटो काढता येत नाहीत. दीड तास काढा. गेटपासून इमारतीपर्यंत थोडं चालणं आहे, ते सासूबाईंसाठी लक्षात ठेवा. आतलं चालणं तळमजल्यावरच आहे.

आत शिकारीची दालनं मोठी आहेत. पेंढा भरलेले वाघ, गवे, अस्वलं, आणि जनावरांच्या पायांपासून केलेल्या वस्तू. काहींना ते बघवत नाही. तसं असेल तर तिथून भरभर पुढे जा आणि तो वेळ दरबार हॉलला द्या. हा हॉल दुमजली उंचीचा आहे. बाजूच्या कमानींत रंगीत काचा बसवल्या आहेत आणि त्यांवर शिवचरित्रातले प्रसंग रंगवलेले आहेत. ऊन ज्या बाजूला असेल त्या बाजूची काच पेटल्यासारखी दिसते आणि समोरची मंद. म्हणून आत शिरल्यावर एकाच जागी उभं न राहता दोन्ही टोकांकडून बघा. ढगाळ दिवशी या काचा निम्म्याच दिसतात. पाऊस असेल तर थोडं थांबून उघडीप मिळते का बघा.

---

लकडकोट

दसऱ्याच्या संध्याकाळचा क्रम सांगतो, म्हणजे कुठे आणि किती वेळ उभं राहायचं ते तुम्हालाच ठरवता येईल.

दसरा चौकात आपट्याच्या फांद्या आणि पानं एका लाकडी कोटात रचलेली असतात. त्यालाच लकडकोट म्हणतात. पूजा होते ती याची. अंबाबाईची, तुळजाभवानीची आणि गुरुमहाराजांची अशा तीन पालख्या संध्याकाळी लवाजम्यासह चौकात येतात. छत्रपती घराण्यातली मंडळी राजवाड्यावरून मेबॅक गाडीतून येतात. ही गाडी राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम महाराज यांच्या काळातली. एरवी ती रस्त्यावर दिसत नाही, त्यामुळे तिच्यासाठी म्हणून चौकात आलेली माणसंही बरीच असतात. मग देवीची आरती, शमीपूजन, आणि सूर्य मावळता मावळता सोनं लुटायला सुरुवात. २० ऑक्टोबरला कोल्हापुरात सूर्यास्त सहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास आहे. सगळा सोहळा या वेळेला बांधलेला असतो, म्हणून साडेसहाला पोचणाऱ्याला फक्त पांगणारी गर्दी दिसते.

पूजा संपते त्या क्षणी चारी बाजूंनी माणसं लकडकोटाकडे धावतात. पान हाती लागावं म्हणून ही झुंबड अर्धा-एक मिनिट चालते, आणि धोका असतो तो याच मिनिटाला. सासूबाईंना आणि मुलाला त्या दिशेला ठेवू नका. जागा धरायची ती चौकाच्या कडेला, ज्या रस्त्याने मेबॅक आत येते त्या बाजूला. साडेचारला पोचलात तर कठड्याजवळची जागा मिळते. घडीचं स्टूल बरोबर आणा. पालख्या येईपर्यंत त्या बसू शकतील आणि प्रत्यक्ष उभं राहणं वीस-पंचवीस मिनिटांचंच होईल. सोनं लुटलं की लगेच निघू नका. वीस मिनिटं जागेवरच थांबा. सगळे एकदम व्हीनस कॉर्नरकडे आणि बिंदू चौकाकडे वळतात, तेव्हा रेटारेटी होते.

गाडी दसरा चौकाच्या जवळ आणायचा प्रयत्न करू नका. लांब लावा आणि रिक्षा जिथपर्यंत सोडेल तिथून चाला. छत्रीऐवजी रेनकोट घ्या. परतीचा पाऊस त्या सुमारास कधीही येतो, आणि गर्दीत उघडलेली छत्री मागच्या दहाजणांची वाट लावते.

एक विनंती. चौकात बाहेर ‘सोनं’ म्हणून जे विकतात त्यात कांचनाची पानं भरपूर असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, आणि हाताला खरखरीत. कांचनाचं पान मोठं आणि पातळ, त्याची खाच खोल जाते, आणि घरी नेईपर्यंत ते मलूल होतं. आपट्याची झाडं आधीच कमी झाली आहेत. एखादं पान घेतलं तरी शकुन पूर्ण होतो, जुडगे घेऊ नका.

---

पंचगंगा_घाट

वरचं सगळं बरोबर आहे, पण या कुटुंबासाठी मी नोव्हेंबर सुचवेन. तेही यंदा मुद्दाम.

किरणोत्सव तिथीवर नसतो, सूर्यावर असतो, म्हणून त्याच्या तारखा दरवर्षी त्याच : ९, १०, ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. अंबाबाईचं मंदिर पश्चिमाभिमुख आहे, पण किरणं सरळ पश्चिमेकडून येत नाहीत. या तारखांना सूर्य पश्चिमेच्या सतरा-अठरा अंश दक्षिणेला मावळतो. २२ डिसेंबरच्या आधी साधारण बेचाळीस दिवस आणि नंतर तितकेच दिवस तो याच जागी असतो, म्हणून वर्षातून दोनदा तेच घडतं.

मावळतीची किरणं पाचच्या सुमाराला महाद्वारातून आत येतात. तिथून गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, संगमरवरी पायऱ्या, कटांजन (म्हणजे कठडा) असा प्रवास करत पावणेसहाच्या आसपास देवीच्या पायांशी पोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा पूर्ण किरणोत्सवाचा क्रम. शेवटच्या टप्प्यात उजेड जमिनीवरून वर चढताना दिसतो, कारण सूर्य जितका खाली जातो तितकी किरणं आडवी होतात. आतले दिवे त्या वेळी मालवलेले असतात, त्यामुळे पितळी उंबऱ्यावर ऊन आलं की मंडपातल्या सगळ्यांचा आवाज आपोआप बसतो.

दरवर्षी ते पूर्ण होतंच असं नाही, आणि त्याचं कारण समजून या. मूर्तीवर किरणं पडतात तेव्हा सूर्यास्ताला फक्त बारा-पंधरा मिनिटं उरलेली असतात, म्हणजे सूर्य क्षितिजापासून जेमतेम तीन अंश वर. इतक्या खालच्या किरणाला दोनशे मीटरवरची दहा मीटर उंचीची भिंतसुद्धा आडवी येते. महाद्वार रोडच्या बाजूला एखादा मजला वाढला, पाण्याची टाकी बसली, जाहिरातीचा फलक लागला, तरी पायाशी आलेलं ऊन तिथेच विझतं. दुसरी अडचण आकाशाची. पश्चिमेला ढगाची पट्टी किंवा धूळ-धुकं असेल तर किरण चांदीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन फिकट होतं. म्हणून एकाच दिवसावर भिस्त ठेवू नका. दोन संध्याकाळी तरी हाताशी ठेवा, त्यातही १० आणि ११.

उभं राहण्याचं म्हणाल तर किरणांची वाट मोकळी ठेवायची असल्याने मंडपात मधोमध कुणालाच थांबू देत नाहीत. आवारात मोठे पडदे लावतात आणि वयस्कर माणसांसाठी तेच सोयीचं. साडेतीनपर्यंत आवारात आलात तर ओवरीत बसायला जागा मिळते. चप्पल लांबच्या स्टँडवर ठेवू नका, परतताना अनवाणी लांब चालावं लागतं.

---

गवळगल्ली

पंचगंगा_घाट यांनी ‘यंदा मुद्दाम’ म्हटलं त्याचं कारण मी पुरं करतो. २०२६ मध्ये दिवाळीचा पाडवा १० नोव्हेंबरला आणि भाऊबीज ११ ला आहे. म्हणजे किरणोत्सव आणि कोल्हापूरच्या म्हशींचा सण एकाच दिवशी.

बाहेरच्या माणसाला हे फारसं माहीत नसतं. पाडवा-भाऊबीजेला गवळी मंडळी म्हशी सजवून बाहेर काढतात. पंचगंगा घाट, सागरमाळ, कसबा बावडा अशा ठिकाणी हे बघायला मिळतं. म्हशीचे केस आधी काही दिवस कातरतात आणि पाठीवर नक्षी सोडतात. शिंगं घासून, तेल लावून रंगवतात. गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ, डोक्यावर मोरपिसांचा तुरा. मग मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल घेऊन पुढे जातो आणि म्हैस त्या आवाजामागे पळते. दोर नाही, काठी नाही. शंभर माणसांच्या गोंगाटातून ती आपल्याच मालकाच्या गाडीचा आवाज ओळखते. वर्षभर हातानं घातलेली वैरण आणि पाठीवरून फिरलेला हात यांचं ते फळ आहे, चार दिवसांच्या तालमीने होत नाही.

बघताना रस्त्याच्या मधे येऊ नका. म्हैस वळताना मागचा भाग बाहेर फेकते, आणि फोटोसाठी वाकलेला माणूस तिथेच सापडतो. फटाका तर अजिबात नको, आणि लाल-भडक दुपट्टा फडकवणंही नको. सासूबाईंना कट्ट्यावर किंवा घाटाच्या वरच्या पायरीवर बसवा.

गंगावेशीत दूध कट्टा आहे. समोर धार काढून तिथल्या तिथे फेसाळ दूध देतात. त्याच संध्याकाळी तिकडे एक चक्कर होईल.

---

गोदाकाठ_नाशिक

इतकं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मन नोव्हेंबरकडे झुकलंय. पण मुलाला मेबॅक आणि सीमोल्लंघन बघायचं होतं, तो हिरमुसलाय. नोव्हेंबरात आलो तर राजवाडा कधी ठेवू? ९ तारखेला सोमवार येतोय ना? आणि जेवणाचं काय?

---

करवीरकर

बरोबर पकडलंत, ९ ला सोमवार आहे. म्हणून असं करा. ९ च्या रात्री मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस धरा, १० ला सकाळी कोल्हापुरात. नाशिकहून गाडीनेच येणार असाल तर ९ ला संध्याकाळपर्यंत पोचा, म्हणजे थकवा दुसऱ्या दिवसावर येत नाही. १० ला सकाळी म्हशी, दुपारी विश्रांती, साडेतीनला मंदिर. ११ ला सकाळी टाऊन हॉल आणि राजवाडा, संध्याकाळी पुन्हा मंदिर. सण आहे म्हणून आदल्या दिवशी राजवाड्यावर आणि टाऊन हॉलला फोन करून उघडं आहे का ते विचारा. ११ ला बंद निघालं तर १२ ची सकाळ हाताशी असू द्या. एकच धोका म्हणजे दिवाळीच्या सुट्टीची गर्दी. ती दसऱ्यासारखी एका चौकात एकवटत नाही, पण गाभाऱ्यापर्यंतच्या रांगेत तासन्‌तास जातात. सासूबाईंसाठी मुखदर्शनाची रांग धरा, ती वेगळी असते आणि बरीच लवकर सरकते. मनातून गाभाऱ्याचंच दर्शन हवं असेल तर १२ ला पहाटे मंदिर उघडताना जा.

जेवणाचं : तांबडा-पांढरा मिळेल, पण सासूबाई खात नसतील तर झुणका-भाकरी आणि वांग्याचं भरीत कुठल्याही खानावळीत चांगलं असतं. मिसळ सकाळी नऊच्या आत खा, नंतर कट नुसता तिखट होतो. आणि नोव्हेंबरात गुऱ्हाळं सुरू झालेली असतात. पन्हाळ्याच्या वाटेवर एखाद्या गुऱ्हाळावर थांबून ताजी काकवी घ्या. काचेच्या बाटलीत घ्या आणि वर दोन बोटं जागा सोडा. 

---

लकडकोट

मुलासाठी : मेबॅक फक्त दसऱ्यालाच बघायला मिळते, ते खरं. पण दसरा चौक तिथेच आहे. राजवाड्यावरून परत येताना रिक्षा चौकात थांबवा. मधे शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि आजूबाजूला त्यांनी वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांसाठी काढलेल्या वसतिगृहांच्या इमारती. लकडकोट कुठे रचतात आणि गाडी कुठून वळते, हे तिथल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, तो बोटाने दाखवेल.

---

पंचगंगा_घाट

अजून एक. २४ नोव्हेंबरला त्रिपुरारी पौर्णिमा आहे. ज्यांना ९ ते ११ जमणार नाही त्यांच्यासाठी सांगतो : त्या दिवशी पहाटे पंचगंगेच्या घाटावर पायरीपायरीवर हजारो पणत्या लावतात. चारच्या आत पोचा. उजाडलं की पाण्यातलं प्रतिबिंब जातं. दगड दवाने आणि सांडलेल्या तेलाने निसरडे असतात, म्हणून वयस्कर माणसांना खालच्या पायऱ्यांवर नेऊ नका. वरून, शिवाजी पुलाच्या बाजूने, अख्खा घाट एका नजरेत दिसतो.